जावयाची नळी

आण्णाप्पाच्या कुत्र्याचं नाव मुकादम. शेतात बायका तण भांगलायला आल्या की हा बांधावर बसून त्यांच्याकडं टक लावून बघायचा आणि स्वतः काडीचं काम करायचा नाही, म्हणून बेळगुंदी गावात त्याला हे नाव पडलं. दिसायचंही ते त्याला शोभून.

गेल्या वर्षी एका बारशाच्या जेवणात कुणीतरी मायेनं त्याला मटणाचं हाड घातलं आणि मुकादमानं अन्नपाणी सोडलं. बेळगावच्या जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी पोट फाडून आतड्यात रुतलेली हाडाची कपची बाहेर काढली. तो शुद्धीवर येईपर्यंत आण्णाप्पा त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. पोटची लेक जन्मली तेव्हा हाच गृहस्थ चिकोडीच्या बाजारात बैलाचे दात मोजत होता, ही माहिती त्याच्या बायकोनं, रुक्माबाईनं, तिथल्या तिथं डॉक्टरीणबाईंना पुरवली.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "शिजवलेलं हाड ठिसूळ होतं. चावलं की त्याच्या सुया होतात. याचं आतडं मी शिवलंय. पुन्हा असं झालं तर माझ्या हातात काही राहणार नाही."

"आणि कच्चं घातलं तर?" आण्णाप्पानं विचारलं.

"मोठं असलं तर समोर बसून घटकाभर चघळू द्या आणि काढून घ्या. पण याला नकोच."

आण्णाप्पानं मान डोलावली. त्या दिवसापासून घरातलं हाडं भरलेलं ताट तो स्वतः उचलायचा आणि घरामागच्या परड्यात खड्डा करून पुरायचा. साठ वर्षांत घरातलं एक ताट न उचललेला माणूस आता हाडं पुरत हिंडतो, हे बघायला शेजारच्या बायका कुंपणाशी यायच्या.

आणि यंदा बऱ्याच वर्षांनी गावात लक्ष्मीची यात्रा आली. यात्रा म्हणजे घरोघरी बकरं आणि दारोदारी पाहुणे. कुणाच्या दारात किती गाड्या लागल्या यावर घराची पत ठरते. एवढ्या ताटांतली हाडं कुत्र्यापासून लांब ठेवायची म्हणजे आण्णाप्पाला देवीलाच साकडं घालावं लागलं असतं. पाहुण्यांना सांगायला गेला, तर जो तो कुत्र्यांचा जाणकार निघाला. प्रत्येकाच्या आज्याचं एक कुत्रं होतं, ते आयुष्यभर हाडं खाऊन म्हातारं होऊन मेलं होतं. जी तरणी मेली त्यांची गोष्ट कुणाला आठवेना. ती आपली 'काय तरी होऊन' मेली होती.

"हाडं खायाची न्हाईत, तर काय वरणभात खाणार हाय त्यो?" रुक्माबाईसुद्धा म्हणाली.

शेवटी आण्णाप्पानं फळी रंगवली, 'या कुत्र्याला हाड घालू नये', आणि दारात टांगली. चिकोडीकडचे बरेच पाहुणे कन्नड वाचणारे, म्हणून त्याखाली तेच कन्नडमध्येही लिहिलं. शहाण्या माणसाला एवढं पुरायला हवं होतं. पण ही फळी सीमाभागात टांगली होती.

सगळ्यात आधी रुक्माबाईच्या बहिणीचा नवरा तम्मण्णा आला. फळीपुढं उभा राहून म्हणाला, "आण्णाप्पा, कन्नड खाली व्हय रं? हे कर्नाटक हाय का न्हाई?"

आण्णाप्पानं मुकाट्यानं फळी पुन्हा रंगवली आणि कन्नड वर घेतलं. घटकाभरात पुतण्या साईराज आला. "काका, आपल्या दारात मराठी खाली? गाव काय म्हणंल?"

दोघं एकमेकांना भिडले. एकानं इतिहास काढला, दुसऱ्यानं भूगोल. जमलेल्या मंडळींत दोन तट पडले, चहा गार झाला, कुणी कुणाचा आजा कुठून आला हेही काढलं. फळीवर काय लिहिलंय ते मात्र दोन्हीकडच्या एकाही माणसानं वाचलं नाही. यात्रेच्या दिवशी भांडण नको म्हणून रुक्माबाईनं फळी उतरवली आणि चुलीत घातली. मटण मात्र त्यावर छान रटरटलं.

आता एकच उपाय उरला. आण्णाप्पानं मुकादमाला अवजारांच्या खोलीत कोंडलं आणि वर कडी घातली. आतून तो असा हंबरडा फोडायला लागला, की आण्णाप्पाच्या काळजाचं पाणी झालं. पण तो हलला नाही.

तेवढ्यात निपाणीहून जावई आला.

जावयाचं नाव किशन. निपाणीत त्याचं औषधाचं दुकान. डॉक्टरची चिठ्ठी वाचून गोळ्या काढून द्यायच्या हे त्याचं काम, पण सासुरवाडीत त्याचा मान सिव्हिल सर्जनचा. सासूच्या गुडघ्यांवर तो फोनवरून इलाज करायचा. गुडघे होते तसेच होते, पण जावयावरचा विश्वास दुप्पट झाला होता. त्याच्याबरोबर आण्णाप्पाची एकुलती लेक राणी आली. ती आल्या आल्या पदर खोचून वाढायला लागली. तिच्याकडं बघायला कुणाला सवड नव्हती.

"मामा, यात्रंच्या दिशी मुक्या जनावराला कोंडून घालतासा?" किशन म्हणाला. "शोभतंय व्हय तुमाला?"

आणि त्यानं स्वतःच्या हातानं कडी काढली. चारचौघांनी जावयाच्या दयाळूपणाची तारीफ केली. जावयानं काढलेली कडी परत कशी घालायची, म्हणून आण्णाप्पा नुसता हसला. मुकादम जाऊन थेट जावयाच्या पाटाशी बसला. कुठं बसायचं ते त्याला बरोबर कळायचं.

यात्रेच्या पंगतीत नळी जावयाच्या ताटात पडते. बकऱ्याच्या मांडीचं, आत गर भरलेलं ते हाड दुसऱ्या कुणाच्या ताटात गेलं तर बायका वर्षभर बोलतात. रुक्माबाईनं पातेलं ढवळून सगळ्यात मोठी नळी शोधली आणि किशनच्या ताटात घातली. किशननं ती ठोकली, गर ओढला, बोटं चाटली आणि रिकामी नळी मुकादमापुढं धरली.

"पावनं," आण्णाप्पा शेजारून हळूच म्हणाला, "त्येला नगा. डॉक्टरीणबाई न्हाई म्हणल्यात."

"त्यास्नी फी पायजे, मामा," किशन म्हणाला, आणि पंगत हसली. आण्णाप्पाही हसला, कारण जावई विनोद करतो तेव्हा सासऱ्यानं हसायचं असतं. "कॅल्शियम हाय ह्यात. डबाभर गोळ्यांत घावायचं न्हाई एवढं. रोज विकतोय मी, मला ठावं न्हाई व्हय?"

"शिजलेलं हाय, पावनं. आतडं शिवलंय त्येचं."

"मग तर कॅल्शियम पायजेच!"

मुकादमानं नळी तोंडात घेतली. कट्कन आवाज झाला. आण्णाप्पा ताडकन उठला.

"ए किशन्या! हात मागं घे!"

पंगत थिजली. त्या घराण्यात जावयाला कुणी 'राव' लावल्याशिवाय हाक मारली नव्हती. आण्णाप्पा ताट ओलांडून गेला, मुकादमाचा जबडा दोन्ही हातांनी फाकवला आणि आत बोटं घालून एकेक तुकडा ओढून काढला. कुत्रं गुरगुरलं, पण चावलं नाही. हाडाची एक कपची आण्णाप्पाच्याच तळव्यात घुसली आणि रक्त आलं. जबडा पुन्हा पुन्हा चाचपला, तेव्हा कुठं त्याचा जीव भांड्यात पडला.

"डोकं हाय का न्हाई तुला?" तो किशनवर ओरडला. "सांगतोय तर कळत न्हाई? लई शाणा झालास व्हय?"

किशननं ताटातच हात धुतला. "कुत्र्यापायी जावयाचा आब घालवलासा, मामा. राणी, पिशवी घे. निघायचं."

तो जाऊन गाडीत बसला. रुक्माबाईनं कपाळाला हात लावला. तम्मण्णा आणि साईराज, सकाळपासून एकमेकांकडं न बघणारे, आता एकाच सुरात आण्णाप्पाला चूक ठरवायला लागले. सीमाप्रश्न तेवढ्यापुरता मिटला. जावयाची माफी मागा, असा सगळ्यांचा कौल पडला.

आण्णाप्पा गोठ्याच्या पायरीवर जाऊन बसला. मुकादम त्याच्या मांडीला टेकून शेपूट हलवत होता. हात ठणकत होता, पण आण्णाप्पाचा ऊर भरून आला होता. आयुष्यात पहिल्यांदा तो पंगतीला न भिता बोलला होता. त्याला स्वतःचा अभिमान वाटत होता.

राणी वाटीत हळद घेऊन आली. बापाचा तळवा उलटा करून तिनं कपची काढली आणि हळद दाबून धरली.

"दुखतंय काय, आप्पा?"

"न्हाई गं. वाचला बघ त्यो. बोललो म्हणून वाचला."

"व्हय. लई चांगलं बोललासा." ती हळद दाबत राहिली. "ह्येंनी माझी शाळंतली नोकरी सोडाय लावली, तवा मी हितंच बसून सांगितलतं तुमाला. एकदा बोला म्हणलतं. ध्यानात हाय?"

आण्णाप्पाच्या ध्यानात होतं.

"तुमी म्हणालासा, जावयाला कसं बोलायचं, बाई. मला वाटलं, बापाला येतच न्हाई बोलाय." तिचा आवाज चढला नाही. "येतंय की."

आण्णाप्पाचा चेहरा उतरला. मघाची सगळी मर्दुमकी त्याला नकोशी झाली आणि पोरीकडं बघवेना. फाटकाबाहेर हॉर्न वाजला. राणीनं पदरानं हात पुसले आणि पिशवी उचलली.

"जातो मी. त्येला जपा, आप्पा," ती म्हणाली. त्यात टोमणा नव्हता.

ती गाडीत बसली. किशननं काच वर घेतली. गाडी वळणापलीकडं गेली तरी आण्णाप्पा पायरीवरून उठला नव्हता.