साहेबांना नीट दिसणारी पत्रं

घरवाटप कार्यालयाच्या प्रोग्रॅममधून सुटलेली ईमेल लोकांकडे पोहोचेपर्यंत त्यातल्या अक्षरांचा पार चुथडा व्हायचा. साहेबांच्या पडद्यावर मात्र ती झकास दिसत. तेव्हा खोट लोकांच्याच कॉम्प्युटरात, असा निवाडा त्यांनी बसल्या जागी दिला आणि 'आमची पत्रे कशी वाचावीत' हे माहितीपत्रक सगळ्यांना धाडलं. ईमेलनेच. ते कुणाला वाचता आलं नाही, पण साहेबांचं कर्तव्य पार पडलं.

बोंब फारच वाढली तेव्हा बाहेरून एका प्रोग्रामरबाईला बोलावलं. तीही पडत्या फळाची आज्ञा मानून धावत आली. कारण गुडघे गेलेली तिची मावशी चौथ्या मजल्यावर अडकून पडली होती आणि तळमजल्याच्या खोलीसाठी तिने इथेच अर्ज केला होता. उत्तरं तीन आली, तिन्ही गिचमीड. मावशीने ती पुसून टाकली. "इतक्यांदा लिहितात म्हणजे काम होणार गं," असं म्हणत तिने खालच्या खिडक्यांचे पडदेही शिवायला घेतले होते.

दुखणं साधं निघालं. प्रोग्रॅम अक्षरं साठवायचा एका पद्धतीने आणि पत्रावर नाव टाकायचा दुसऱ्याच पद्धतीचं. त्या नावावर विसंबून लोकांचे कॉम्प्युटर अक्षरं भलतीच उलगडायचे. बाईने एक ओळ बदलली, दुरुस्तीपुरती थोपवून धरलेली पत्रं भराभर सुटली. तिला हायसं वाटलं.

तेवढ्यात मावशीचा फोन आला.

"अगं, सगळं वाचता येतंय! काना-मात्रासुद्धा जागच्या जागी!" मग ती पत्र वाचून दाखवू लागली. "'डॉक्टरांचा दाखला जोडावा असे तीनदा कळवूनही आपले उत्तर न आल्याने अर्ज निकाली काढला आहे.' कधी कळवलं गं यांनी?"

बाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती तडक साहेबांपुढे उभी राहिली.

"साहेब, आधीची पत्रं माझ्या मावशीला वाचताच आली नव्हती!"

"मला तर येत होती."

"निदान तो अर्ज पुन्हा उघडा."

"नवा करायला सांगा ना," साहेब प्रेमाने म्हणाले. "दाखला मात्र डॉक्टरांकडे जातीने जाऊन घ्यायचा हं. आणि आता नकार आला तरी कसा स्वच्छ वाचता येईल!"

बाईने जड मनाने मावशीला हे कळवलं.

"करू की नवा," मावशी म्हणाली. "पण डॉक्टरांकडे जायला मला खाली कोण उतरवणार?"