सिंहीण कोणी टिपली

मंडळाच्या दिवाळी मेळाव्यात यंदा फोटोंची स्पर्धा होती. पहिलं बक्षीस माझ्या फोटोला मिळालं. नाव मात्र निशिकांतचं पुकारलं.

निशिकांत माझा नवरा, बँकेत मोठा साहेब. जूनमध्ये आम्ही लेकीला, अवनीला, घेऊन केनियाला सफारीला गेलो, तेव्हा आपला नवा कॅमेरा तो मला शिवूही देत नव्हता. एका सकाळी सिंहीण पिल्लू तोंडात धरून थेट आमच्या जीपकडे आली आणि नेमका तेव्हाच ऑफिसचा फोन! साहेब पुढच्या सीटवर फोनला चिकटले, कॅमेरा मागे माझ्या मांडीवर आला. मी तो उचलला. श्वास रोखला, तिनं मान वर करेपर्यंत थांबले आणि टिपली. इतकी खूश मी कितीतरी वर्षांत झाले नव्हते.

इथं परदेशात, पासिर रिसमधल्या आमच्या काँडोच्या, म्हणजे सोसायटीच्या, हॉलमध्ये मेळाव्याला तो फोटो भिंतीवर झळकत होता. "तासभर दबा धरून बसलो होतो," निशिकांत सगळ्यांना सांगत होता. मी चकल्यांचं ताट घेऊन उभी. अंगाचा नुसता तिळपापड होत होता.

अवनी फोटोजवळ गेली आणि ओरडली, "बाबा, जीपच्या मिररमध्ये तू आहेस! फोनवर! हाऊ कॅन? असं कसं?"

फोटोच्या कोपऱ्यात जीपचा आरसा, आरशात निशिकांत, कानाला फोन. मी तो केव्हाच पाहिला होता, कुणाला दिसतो का याची वाट बघत होते. निशिकांतला दिसला नव्हता. त्यानं तो फोटो नीट पाहिलाच कुठं होता? सगळे वाकून आरसा बघू लागले. मला वाटलं, आता तरी खरं बोलेल.

"अगं, सगळं सेटिंग मीच करून ठेवलं होतं," तो हसला. "आईनं नुसतं बटण दाबलं."

सगळे हसले. मंडळाचे सेक्रेटरी प्रबोध तर सर्वांत मोठ्यांदा. त्यांनी निशिकांतच्या हाती ट्रॉफी दिली, त्याला फोटोशेजारी उभं केलं आणि आपला मोबाइल माझ्यापुढे धरला.

"वहिनी, तेवढा एक फोटो काढता? नुसतं बटण दाबायचंय."

मी ताट खाली ठेवलं. निशिकांतनं पोट आत घेतलं. मी श्वास रोखला, मोबाइल जरासा डावीकडे सरकवला आणि बटण दाबलं.

सिंहीण पिल्लासकट छान आली. निशिकांत आला नाही. मी मोबाइल प्रबोधना परत दिला आणि चकल्यांचं ताट उचललं.