अंबाडीचा पट्टा

वैष्णवीने चुलीपुढे मोबाईल धरला, तरी राजनंदिनीने भाकरी थापायची थांबवली नाही.

"बघ वहिनी, आई पहाटेपासून एक घटका टेकत न्हाई. मांडीचं हाड आत्ता कुठं जुळायलंय, अन् तू तिला कामाला जुंपलंस? लाज वाटू दे जराशी!"

"तुमचा मोबाईल खोटं बोलायलाय, ताई."

"मोबाईल खोटं बोलत न्हाई. माणसं बोलतात."

वैष्णवी परभणीला प्रयोगशाळेत होती. अंबाडीच्या तंतूंचा हा मनगटी पट्टा तिनेच घडवला होता. त्याला बॅटरी नाही, चार्जिंग नाही. हात हलला की पट्ट्यातच वीज तयार व्हायची आणि तिच्या मोबाईलवर रेघ उसळायची. महिन्यापूर्वी ताडकळसला घरी येऊन तिने तो आईला बांधला. समजावून मात्र काही सांगितलं नाही. 'असू दे हाताला, बरं वाटेल,' एवढंच. शिकलेल्यांना एवढीही फुरसत नसते!

"आजपासून आई माझ्याकडं. गाडी दारात उभी हाय. तुझी फुकटची मोलकरीण गेली समज."

राजनंदिनीने दात-ओठ खात पुढचा उंडा परातीत टाकला आणि धपाधप थापायला लागली. मोबाईलवरची रेघ थयथय नाचू लागली. वैष्णवीने चमकून बाजेकडे पाहिलं. तिची आई, सगुणाबाई, दोन्ही हात पोटावर ठेवून स्वस्थ पडल्या होत्या. मग तिची नजर परातीवर आली. राजनंदिनीच्या बांगड्यांमागे, पिठाने माखलेला, तोच पट्टा होता.

"हा तुझ्या हातात कसा?"

"म्या बांधला," सगुणाबाई म्हणाल्या. "बरं वाटतंय म्हनलीस न्हवं? महिना झाला, हिला रोज सांजच्याला ताप यायलाय. माझं हागणं-मुतणं काढून वर रानात जायलीय. तुला सांगावं कवा? आल्या आल्या भांडायलीस."

वैष्णवीला संताप आला. आईचा, वहिनीचा, आणि सगळ्यांत जास्त त्या रेघेचा. तिने मोबाईल पर्समध्ये कोंबला.

"गाडी आणलीस न्हवं? मग हिला ने. दवाखाना दाखव. चार दिस निजू दे लेकराला."

"अन् तुझं कोण करील?" वैष्णवी पटकन बोलून गेली.

राजनंदिनीने तव्यावरची भाकरी उलटली. सगुणाबाईंनी लेकीकडे मान वळवली.

"तू हायस की."