हिरवी फीत कोणासाठी

राजाच्या फौजेने वेक्सफर्ड गाव बंडखोरांकडून परत घेतलं आणि धरपकड सुरू झाली. शिवणकाम करून पोट भरणाऱ्या विधवा डॉर्कस स्टॅफर्डची रोजनिशी शिपायांनी घरातून उचलली, आणि पाठोपाठ तिलाही.

कारकुनाने भर कचेरीत वाचलं, "'आज हिरवी फीत शिवली. बोटं दुखून आली.'"

"हिरवी! म्हणजे बंडखोरांचा रंग!" मॅजिस्ट्रेट हॅमंड टेबलावर मूठ आपटत गरजले. "बाई, राजद्रोहाला फाशी असते, ठाऊक आहे ना?"

डॉर्कस हळूच म्हणाली, "साहेब, पुढचं तुम्ही एकट्यानेच वाचलेलं बरं."

"का? आता का घाबरलीस? वाच रे, मोठ्याने वाच!"

कारकून पुढे वाचू लागला. "'हॅमंडसाहेब मागच्या दाराने आले. बंडखोरांच्या भीतीने चळचळा कापत होते. टोपीला लावायला हिरवी फीत द्या म्हणाले. दिली, तर म्हणे एवढीशी काय, लांबून दिसली पाहिजे! शेवटी बशीएवढी करून दिली.'"

एक शिपाई हसू दाबायला खोकला. मग सगळी कचेरीच खोकू लागली.

हॅमंडसाहेबांनी वही हिसकावून मिटली. "बायकांच्या लिखाणात कसलं आलंय राजकारण! सोडा हिला."

"आणि माझी वही, साहेब?"

"ती सरकारजमा!"

डॉर्कस घरी आली, चुलीवर बटाटे चढवले आणि नव्या वहीत तो दिवस पुन्हा लिहून काढला. या खेपेला तिने जरा तिखटमीठही लावलं.