शेपटीकडचं दूध

हैबतीच्या बायकोने, गोदूबाईने, तीस वर्षांपूर्वी एक गोष्ट पाहिली आणि भोळेपणाने सांगून बसली. तेव्हापासून धनगरवाडीत तिला कुणी धड बोलू दिलं नाही.

वाडी म्हणजे पोलादपूरच्या वर, डोंगरमाथ्यावरची आठ घरं. गोठ्यामागच्या उकिरड्यात शेण उकरताना तिला एक देवगांडूळ दिसलं होतं. दिसायला गांडूळच, पण वीतभर लांब, करंगळीएवढं जाड आणि तोंडात बारीक दात. भोवती चार-पाच पिल्लं, आणि ती आईच्या शेपटीकडे तोंड लावून दूध पीत होती. हे ऐकून हैबती इतका हसला की त्याला ठसका लागला. ज्याचा जन्म म्हशी पिळण्यात गेला, त्याला दुधातलं कोण शिकवणार? सड नाही, कास नाही, आणि दूध येतंय ते शेपटीकडून! मग काय, कुणाची म्हैस आटली की शेजारचा चांगू हटकून विचारायचा, गोदूवैनी, तुमच्या गांडुळाचं तांब्याभर मिळेल का? सगळ्यांत मोठ्याने हसायचा तो हैबतीच. गोदूबाई पुन्हा तेच, तसंच सांगायची. आणि त्या दिवशी कालवणात मीठ जास्त पडायचं.

यंदा पोलादपूरला कॉलेजात जाणारी नात, अक्षदा, मोबाइलवर बातमी घेऊन आली. देवगांडूळ हे गांडूळ नव्हे, बेडकाच्या कुळातलं, असं तीत होतं. ब्राझील देशातल्या शास्त्रज्ञांनी देवगांडुळाच्या आईला पिल्लांना दूध पाजताना पाहिलं होतं, आणि दूध येत होतं ते शेपटीकडूनच. जगभरचे शहाणे म्हणे थक्क झाले होते. गोदूबाई थक्क वगैरे झाली नाही. आपलं कुणी त्यांना कळवलं का, एवढंच तिने नातीला विचारलं. अक्षदाने मग पुण्याच्या अमिता नावाच्या संशोधक बाईंना कळवलं. त्यांचा लगेच फोन आला. आपल्या सह्याद्रीत असं अजून कुणीच नोंदवलेलं नाही, मी श्रावणात मावशींचा उकिरडा बघायला येते, असं त्या म्हणाल्या.

हैबतीने त्यातलं ‘पुण्याची पाहुणी येणार’ एवढंच मनावर घेतलं. उकिरडा बघायला कुणी पुण्याहून येतं, हे त्याला पटणं शक्यच नव्हतं. मोठ्या माणसांची ती बोलायची रीत, असं त्याने धरलं. गोदूबाई बहिणीकडे वरंधला गेली होती, येताना ती अमिताला महाडहून बरोबर आणणार होती. इकडे हैबतीने पाहुणीच्या डोळ्यांनी घराभोवती एक फेरी मारली, आणि गोठ्यामागे शेणाचा डोंगर बघून त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. भर श्रावणात उकिरडा कोण काढतं, असं चांगू कुरकुरला, तरी दोघांनी दोन दिवस पाट्या वाहिल्या आणि सगळं शेण खालच्या ओहोळात नेऊन टाकलं. उघडीप बघून हैबतीने जागा सारवली. वर रांगोळी काढली.

अमिता वीर स्टेशनला आगगाडीतून उतरून रिक्षाने महाडला आली आणि तिथून गोदूबाईबरोबर एसटीने पुढे. शेवटचा दीड तास चढण होती. वाटेत गोदूबाईने तिला सगळं दोनदा सांगितलं. मधे न हसता ऐकणारं माणूस तिला तीस वर्षांत पहिल्यांदाच भेटलं होतं. वाडीत पोचल्यावर पाणीसुद्धा न विचारता ती पाहुणीला थेट गोठ्यामागे घेऊन गेली. तिथे रांगोळी होती.

गोदूबाई ओरडली असती तर हैबतीला बरं वाटलं असतं. ती त्या सारवलेल्या जमिनीवर मटकन बसली.

“आता मी खोटीच ऱ्हायली,” ती म्हणाली.

हैबतीला वाईट वाटलं ते उकिरड्याचं नव्हतं, इतकी वर्षं हसल्याचं होतं. तो ओहोळात उतरला आणि गुडघाभर राडीत बसून शेणाचे गोळे हाताने फोडू लागला. अमिताही मागोमाग आली. पाऊस पुन्हा सुरू झाला होता आणि दोघांना झोडपत होता. दिवस कलेपर्यंत एकच देवगांडूळ सापडलं, जिवंत, पण एकटं. ना अंडी, ना पिल्लं. अमिताने त्याचे फोटो काढले, लांबी मोजली आणि त्याला ओल्या मातीत सोडून दिलं. दूध पाजताना दिसल्याशिवाय काही सिद्ध होत नाही, पुढच्या पावसाळ्यात पुन्हा येऊ, असं ती वर येऊन गोदूबाईची नजर टाळत म्हणाली.

घरात गोदूबाई भाकऱ्या थापत होती. चुलीपाशी बसून अमिताने वही काढली, पाहणाऱ्याचं नाव, जागा, साल लिहून घेतलं. आणखी कुणी पाहिलं होतं का, हेही तिने नेमाप्रमाणे विचारलं. चांगू दाराशी टेकून गंमत बघत होता.

“माजं नाव लिव्हा, बाय,” हैबती म्हणाला.

“तुम्ही पाहिलंत, बाबा?”

“नाय.”

न पाहिलेल्याचं नाव लिहिता येत नाही, असं अमिताने त्याला समजावलं. हैबतीने थोडा विचार केला.

“मंग आसं लिव्हा. नवरा तीस वर्सं हसला. समदी वाडी हसली. तरी ती येकच सांगत ऱ्हायली, त्यात येक अक्षर बदाललं नाय. खोटं बोलनारा कदी तरी चुकतो.”

चांगू या वेळी हसला नाही. अमिताने ते शब्द होते तसे वहीत उतरवले, आणि खाली हैबतीचं नाव घातलं.

तव्यावरची भाकरी एका बाजूने काळी झाली होती. गोदूबाईने पदराने डोळे पुसले, ती भाकरी काढली आणि मुद्दाम हैबतीच्या ताटात वाढली. मग डेऱ्यातला लोण्याचा गोळा काढून, पाहुणीच्या आधी, त्याच भाकरीवर ठेवला.