कडूबाचा लांब सूर

दुपारी चारच्या सुमारास, अमडापूरच्या शाळेत, कडूबा पितळी कॉर्नेट ओठांवरून न काढताच गुडघ्यांवर बसला आणि मग आडवा झाला. तोंडातून रक्त आलं. टेबलावरचा टेपरेकॉर्डर चालूच होता. तो बंद करायचं नारायणरावांना सुचलं, तोपर्यंत टेपचं स्पूल संपत आलं होतं.

साल १९६८, एप्रिल अखेर. नारायणराव चिखलीत पेटी शिकवत आणि तिथल्या हौशी नाटक मंडळींचं संगीत बघत. नव्या नाटकाच्या शेवटच्या अंकात राजाचं प्रेत गडावरून खाली आणतात. तिथे त्यांना पितळी वाद्यं हवी होती. पेटीवर प्रेत निघालं की ते भजनाला चाललंय असं वाटतं, हे मंडळींचे मॅनेजर वामनराव यांचं मत होतं आणि ते खरं होतं. पण अख्खा बँड गावोगाव कोण हिंडवणार? म्हणून नारायणरावांनी युक्ती काढली. वादकाकडून एकेक सूर सुटा वाजवून घ्यायचा, टेपवर भरायचा, मग ब्लेडने टेप कापून सूर हवे तसे चिकटवायचे. एकदा सूर हाती आले की चाल कुठलीही बांधता येईल.

त्यासाठी त्यांनी तीन गावचे बँड ऐकले आणि त्यांचे सूर टेपवर घेतले. डोणगावच्या कॉर्नेटचा आवाज चढा होता. साखरखेर्ड्याचा वादक स्वच्छ वाजवी, पण त्याचं ऐकून मनाला काही होत नसे. अमडापूरच्या कडूबाचा सूर खरखरत निघे, मध्यावर भरे आणि शेवटी हळूहळू खाली उतरे. नारायणरावांनी पहिल्याच सुराला मनाशी ठरवून टाकलं.

कडूबा वांग्या-मिरच्यांचा मळा करणारा माणूस. लग्नसराईत बँडात वाजवी. या बँडात कॉर्नेटवाले नेहमी दोन असत. एक दम घेई तेव्हा दुसरा सूर धरून ठेवी. वरातीतल्या लोकांना कुठे तुटलेलं कळतही नसे. नारायणरावांचा जन्म पेटीवर गेलेला. हात भाता हलवतो तोवर सूर टिकतो, एवढंच त्यांना ठाऊक. दोन आवाज टेपवर मिसळतील म्हणून त्यांनी कडूबाच्या जोडीदाराला ओसरीवर पाठवलं.

"एकट्यानंच?" बँडमास्तर उकंडरावांनी विचारलं.

"एकट्यानंच. आणि दम संपेपर्यंत."

"आमच्यात असं कोणी वाजवत नाही, मास्तर."

"साखरखेर्ड्याच्या माणसानं वाजवलं."

हे ऐकून कडूबा हसला. "तो? त्याच्या फुंकीनं चूल पेटत नाही! लावा तुमची मशीन."

त्याला होळीपासून खोकला होता. बायको रुखमाबाईंना माहीत होतं. बँडात सांगितलं असतं तर कॉर्नेट काढून हातात झांजा दिल्या असत्या, म्हणून दोघंही गप्प होते. कडूबाने सूर दिले. नारायणराव म्हणाले, आणखी लांब. त्याने दिले. आणखी खालचा, आणखी लांब. तोही त्याने दिला, आणि पडला.

सोबत आलेल्या वामनरावांनी जीप आणवून त्याला बुलडाण्याच्या दवाखान्यात पोहोचवलं. फुफ्फुसाचं जुनं दुखणं आहे, थांबून बघावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले.

नाटकाच्या आदल्या दिवशी रुखमाबाई चिखलीला तालमीच्या जागी आल्या. आत न येता दारातच उभ्या राहिल्या. अमडापूरच्या बँडात रीत होती: वाजवणारा आजारी पडला की त्याचं वाद्य तोंड खाली करून ठेवायचं. तो उठून स्वतः उचलेपर्यंत दुसऱ्याने फुंकायचं नाही. फुंकलं तर आजाऱ्याचा उरलेला दम त्यात जातो, असं ते मानत.

"मास्तर, वाजा मी उपडा ठेवला," रुखमाबाई म्हणाल्या. "पण त्यायचा आवाज तुमच्यापाशी हाय. तो बी उपडा ठेवा."

"ठेवतो, बाई."

"कसा ठेवसान?"

नारायणरावांनी स्पूल यंत्रावरून काढलं, पत्र्याच्या डब्यात घातलं आणि झाकण दाबलं. रुखमाबाईंनी झाकणावर हात ठेवून पाहिला, आणि एस.टी.ला निघून गेल्या.

"काऊन तोंड पाडून बसला बे नारायण?" वामनराव म्हणाले. "दोन गावचे सूर हायेत ना तुह्यापाशी. लाव त्यातला एक."

शनिवारी, प्रयोगाच्याच दिवशी, दुपारच्या तालमीत नारायणरावांनी आधी डोणगावचे सूर लावले. तिरडीवर पडलेला राजा डोळे मिटूनच बोलला, "मास्तर, माही वरात काढून राह्यले का तुम्ही?" सगळे हसले. मग साखरखेर्ड्याचे लावले. कोणी हसलं नाही, पण प्रेत वाहणारे चौघे पावलं मोजल्यासारखे चालू लागले.

"हा तर सायकलचा भोंगा झाला," वामनराव म्हणाले. नारायणरावांनाही तसंच वाटत होतं.

पडदा सहाला उघडला. तिसरा, शेवटचा अंक सुरू झाला तेव्हा नारायणरावांनी डबा उघडला. कडूबाचे सूर त्यात जोडून तयार होते. रुखमाबाई येऊन गेल्या त्याच संध्याकाळी त्यांनी ते जोडले होते. नुसतं बघावं म्हणून, असं स्वतःला सांगत. शेवटी तो लांब सूर होता. कडूबा पडला त्याच्या दोन बोटं अलीकडे टेप कापलेली.

प्रेत निघालं, सूर निघाला. बायकांच्या बाजूला एका म्हातारीने डोक्यावरचा पदर पुढे ओढला. मागच्या रांगेतल्या टवाळ पोरांची बडबड थांबली. लांब सूर संपल्यावरही टाळी पडली नाही, सगळे तसेच बसून राहिले.

"जमलं बे," विंगेत वामनराव कुजबुजले. नारायणरावांनी स्पूल पुन्हा डब्यात घालून झाकण दाबलं.

रविवारी सकाळी उकंडराव बुलडाण्याहून आले. चहा नको म्हणाले.

"कडूबाले काल पुन्हा रक्त आलं. पहिल्यापेक्षा जास्त."

"आता कसा आहे?"

"डोळे उघडे हायेत. बोलत नाही." मग त्यांनी विचारलं, "तुम्ही वाजवलं का?"

"हो."

"किती वाजता?"

"साडेआठ झाले असतील."

उकंडराव म्हणाले, "रुखमाबाईपाशी घड्याळ नाही. दिवे लागले होते, एवढंच सांगते ती."

"दवाखान्यात कुणी पाहिलं असेल."

"एक नर्स होती. इंजेक्शन देऊन गावी गेली, उद्या येते म्हणतात." ते उठले. "आली की विचारतो. मग तुमच्याकडे येतो, मास्तर."

रविवार संध्याकाळपर्यंत कडूबा जिवंत होता. मंडळींचा पुढचा प्रयोग मंगळवारी मेहकरला लागला होता. रक्त नेमकं किती वाजता आलं, ते अजून कळलेलं नव्हतं.