पायाखालचा पोकळ आवाज

माघातल्या सकाळी कोंडीराम तामलवाडीच्या शेतात हरभरा उपटत होते, तेवढ्यात लेकीचा फोन आला. सैन्यात असताना त्यांनी सहा हिवाळे बर्फात काढले होते. आता सृष्टी हिमाचलात पर्यटकांना बर्फातल्या वाटांनी न्यायची.

"आबा, पायाखाली बर्फ धुप्प करून खचला. आतून पोकळ वाजला."

कोंडीरामांनी हातातले डहाळे टाकले. "उतारावर हायेस?"

"न्हाय, कडेला. अकरा पर्यटक आहेत. उतार ओलांडून पलीकडं जायचंय."

"काल वारं होतं?"

"लई. वरचा थर असा घट्ट झालाय, की पाय रुतत न्हाय."

"त्याच्याआधी?"

"पंधरा दिवस निरभ्र आभाळ अन् कडाक्याची थंडी."

"मग खालचा जुना बर्फ साखरेवानी रवाळ झाला आसंल. दाण्याला दाणा धरत न्हाय. त्याच्यावर वाऱ्यानं फरशी थापलीय. माणसाच्या वजनानं खालचे दाणे ढासळले, की अख्खी फरशी सुटती. माघारी फिरा."

"एकजण ऐकत न्हाय. म्हणतो, कालच एक टोळी पलीकडं गेली."

"फरशी पातळ आसंल तिथं पाय पडला, की ती फुटती. त्यांचा पडला न्हाय, एवढंच! आलात त्याच पावलांनी—"

फोन कटला.

त्यांनी पुन्हा पुन्हा लावला. लागेना. सारजाबाई भाकरी घेऊन आल्या, नवऱ्याचा चेहरा पाहून म्हणाल्या, "काय झालं वो?"

"रेंज न्हाय," एवढंच ते बोलले. भाकरी तशीच राहिली. ऊन डोक्यावर आलं तरी ते बांधावर येरझाऱ्या घालत होते.

तेव्हा कुठं फोन वाजला. सृष्टीला धाप लागली होती.

"आबा, आम्ही वळलो, पण तो माणूस पुढं गेला. वीस पावलं टाकली असतील. त्याच्या वरच्या बाजूला आडवी भेग पळत गेली अन् सगळा उतार फरशीसारखा घसरला. छातीपर्यंत गाडला गेला होता. फावड्यांनी काढला. पाय मोडलाय, पण जिता आहे."

"बाकीचे?"

"सगळे आहेत." आणि ती हुंदके देऊ लागली. "म्या त्याला हाताला धरून ओढायला पायजे होतं."

कोंडीराम म्हणाले, "आधी सगळ्यांना त्या उताराखालनं दूर ने. मग रड."

फोन ठेवून ते सारजाबाईंकडं वळले, आणि पहिल्यापासून सगळं सांगू लागले.